सवतीबीज

लग्नानंतर चौथ्या दिवशी
सासूनं परातीतला गोळा माझ्याकडं सरकवला
आणि म्हणाली, सवतीबीज करायचंय.

मी पन्हाळ्याकडची. मला एवढंच कळलं
की कुणी सवत आहे, तिचं बी आहे,
आणि ते माझ्याच हातून वळून घेणार आहेत.
त्या रात्री मी नवऱ्याशी बोलले नाही.
तो उशीत तोंड खुपसून हसत राहिला,
मग म्हणाला, अगं येडे,
कानडीत सवती म्हणजे काकडी.

काकडीच्या बीएवढं.
चिरोटी रवा, दुधाचा हबका, तुपाचं बोट,
ओल्या फडक्याखाली दोन तास मुरवण.
मग वात ओढून डाव्या मुठीत धरायची
आणि उजव्या अंगठ्यानं तर्जनीवर
एकच फेर.
दोन्हीकडं टोक, मधे इवलं पोट.
थाळीत पडताना आवाज होता कामा नये.

माझं पहिलं बी चिंचोक्याएवढं झालं.
नीलव्वानं ते नखावर घेतलं, बघितलं.
"इन्नू सण्ण."
अजून बारीक.
पुढचं भोपळ्याच्या बीएवढं. इन्नू सण्ण.
पुढचं गव्हाएवढं. इन्नू सण्ण.
पहिलं वर्षभर माझं सगळं कानडी
ह्या दोन शब्दांत मावत होतं.

ती दिवसा निपाणीतल्या वखारीत तंबाखू निवडायची,
रात्री विड्या वळायची.
म्हणून पिठाला शिवण्याआधी
हात तीनदा धुवायची,
राखेनं, शिकेकाईनं, मग नुसत्या पाण्यानं,
दर वेळी नाकाशी नेऊन हुंगायची.
तरी हुग्गीत गुळाच्या मागून
एक कडवट झाक येते म्हणायची.
आम्हाला कुणाला ती कधी लागली नाही.

नणंदेच्या रुखवतात सवतीबीजाचं सूप मांडलं
तेव्हा विहीणबाईंनी त्यात मनगटापर्यंत हात घातला,
बोटांतून बी गळू दिलं,
आणि संशयानं विचारलं, मशीनचं नव्हं ना?
नीलव्वा त्या दिवशी जेवलीच नाही, इतकी खूश.

जनगणनेचा माणूस आला होता एकदा.
आई, तुमची मातृभाषा काय लिहू?
तिनं पिठानं भरलेली बोटं वर केली,
म्हणाली, आत्ता सवड नाही, उद्या ये.
तो परत आला की नाही, आठवत नाही.

गेल्या दिवाळीपासून
हात रिकामा असला की वळत राहतो.
मांडीवर, गोधडीवर, बसच्या दांडीवर,
अंगठा तर्जनीवर, अंगठा तर्जनीवर.
बेळगावचे डॉक्टर दोन क्षण बघून म्हणाले, कंपवात.
पुस्तकात म्हणे ह्याला
गोळी वळणारा हात म्हणतात.
मी म्हणाले, गोळी नव्हे, डॉक्टर.
त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

घरी येऊन मी पिठाची वात
तिच्या मुठीत दिली.
आणि हात थांबला.
थरथर कुठं गेली कळेना.
एक बी थाळीत पडलं.
आवाज नाही.

तेव्हापासून रोज लिंबाएवढं पीठ मळते.
ती वळते, जमेल तेवढं,
पण बी आपोआप लहान होत चाललंय.
संक्रांतीला तांदळाएवढं होतं,
शिमग्याला जिऱ्याएवढं,
परवा तीळ.
त्याला पोट नाही, टोकं नाहीत,
शिजवायला घेतलं तर दुधात विरून जाईल.
गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांतून
मी ते भरून ठेवते,
लेबलावर तिच्या नातवाकडून
तारीख लिहून घेते, तिला वाचता येईल अशा अक्षरात.

कानडीत पुरे म्हणायला साकु म्हणतात.
हा शब्दही मला आता येतो.
पण तो सासूला म्हणायचा कसा.

काल चष्मा लावून तिनं एक बी नखावर घेतलं,
कितीतरी वेळ बघितलं,
आणि काही न बोलता
माझ्या नखावर ठेवलं.

मला तिथं काहीच दिसत नव्हतं.
तरी मी श्वास धरून
बोट हळूहळू
थाळीपर्यंत नेलं.